पिवळ्या शर्टाच्या मागे

शेपूट म्हणून माझी निवड एकमताने झाली. आयुष्यात माझी कशासाठी तरी एकमताने निवड होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मला थोडं भरून आलं. विरोधात हात वर करण्याचा विचार फक्त मीच करत होतो. पण चारचौघांत हात वर करायचा म्हणजे सगळे आपल्याकडे बघणार. राहू दिला.

शेपूट म्हणजे काय ते आधी सांगतो. आमची सायकलफेरी चार दिवसांची होती. ज्या गावांत वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेली एक गाडी फिरवायची, आणि त्या गाडीसाठी देणग्या गोळा करत आपण सायकलवरून जायचं, अशी योजना. चौथ्या दिवशी ज्या गावात ती गाडी पहिल्यांदा उभी राहणार, तिथे सगळ्यांनी मिळून पोचायचं. अशा फेरीत सगळ्यांच्या मागे एक माणूस ठेवतात. बाकीचे पिवळे शर्ट, त्याला लाल जाकीट. त्याच्या मागे फक्त पाणी, औषधं आणि पंक्चरचं सामान नेणारा टेम्पो. शेपटाने कोणाच्याही पुढे जायचं नाही. पुढचा थांबला तर थांबायचं, पडला तर उचलायचं. शेपूट मुक्कामाला पोचलं की सगळे पोचले असं धरून फाटक लावून टाकायचं.

"तुम्ही तसेही मागेच असता," आमचे अध्यक्ष म्हणाले. "जाकीट घाला, म्हणजे मागे राहण्याला निदान काही अर्थ येईल."

अध्यक्ष शाळेत खेळ शिकवायचे. ते निवृत्त झाले, त्यांच्या गळ्यातली शिट्टी झाली नाही. म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणतात. त्यांचा एकच कडक नियम होता: सूर्य बुडायच्या आत जो मुक्कामाच्या फाटकातून आत येणार नाही, तो दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसणार. मग तो कोणी का असेना.

आता, पुस्तकांच्या गाडीची कल्पना मुळात माझी. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली, आणि जिथे न बोलणं हीच पात्रता आहे अशी दुसरी नोकरी मला मिळालीही नसती. सभेत मी ही कल्पना मांडली ती इतक्या हळू आवाजात, की शेजारच्या शिट्टीसरांखेरीज कोणाला ऐकू गेली नाही. त्यांनी ती उभं राहून खणखणीत सांगितली आणि टाळ्या घेतल्या. माझी तक्रार नाही. माझ्या आवाजात ती खुर्चीच्या पायापर्यंतच पोचली असती. पण एवढं मात्र मनाशी ठरवलं होतं, की त्या गावात ती गाडी उभी राहील तेव्हा आपण सायकलवरून पोचायचं. टेम्पोत, औषधांच्या खोक्यावर बसून नाही.

घरी हे सांगितल्यावर आमच्या हिने पोळपाट बाजूला ठेवला. "तुम्ही? सायकलवर? अहो, तुम्ही जिन्यात समोरून कोणी आलं तर परत वर जाता!"

बातमी इमारतभर झाली, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, "पडलात तर उठू नका. आधी साक्षीदार गोळा करा." वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मला एक मलम दिलं आणि ते कुठे लावायचं हे जिन्यात, मोठ्याने, माणसं जात-येत असताना समजावून सांगितलं. मुलीने माझ्या फोनमध्ये काहीतरी केलं, त्यामुळे मी कुठे आहे ते घरच्यांना नकाशावर निळ्या ठिपक्याच्या रूपाने दिसू लागलं. पहिल्या दिवसापासून सगळी इमारत आमच्या दिवाणखान्यात बसून तो ठिपका पाहत असे. मी प्रत्यक्ष घरात असताना माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

पहिले दोन दिवस मी, पुढच्या दंतवैद्य नवरा-बायकोची भांडणं ऐकत, शेपटाला साजेसा वागलो. गडबड झाली तिसऱ्या दिवशी, आणि तो दिवस सगळ्यात लांबच्या पल्ल्याचा होता.

सकाळचा थांबा एका चहाच्या दुकानापाशी होता. सगळ्यांना शेंगदाण्यांच्या पुड्या दिल्या. माझी पुडी जुन्या वर्तमानपत्राची होती, आणि छापलेलं काही हातात आलं की मला ते वाचावंच लागतं. त्याला माझा इलाज नाही. एका चोराने पोलिसाच्याच घरात चोरी केल्याची ती बातमी होती. चोर खिडकीतून आत शिरला आणि तिथेच कागद फाटला होता. म्हणून मी शेजाऱ्याने टाकलेली पुडी उचलून पाहिली, मग त्याच्या शेजाऱ्याची. चोराचं पुढे काय झालं ते मिळालं नाही. मान वर केली तेव्हा दुकानापुढे चिटपाखरू नव्हतं. होता फक्त टेम्पो, त्यात स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसलेले टेम्पोवाले मामा, आणि दूर वळणापाशी दिसेनासा होणारा एक पिवळा शर्ट.

"मामा, सगळे गेले?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाले. "मला सांगितलंय, लाल जाकिटाच्या मागे राहा. लाल जाकीट इथे, मी इथे."

मी सायकलवर टांग मारली आणि त्या पिवळ्या शर्टाला गाठलं. मग नियमाप्रमाणे मागे अंतर ठेवून चालू लागलो. मनात म्हटलं, थोडक्यात वाचलो.

तो माणूस काही आमच्या फेरीतला नव्हता. मला ते कळायला अर्धा दिवस जायचा होता. पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? तो वीज कंपनीचा मीटर वाचणारा माणूस होता. आदल्या मुक्कामाला शिट्टीसरांनी उरलेले मोठ्या मापाचे शर्ट यजमानांना वाटून टाकले होते. त्यातला एक या गृहस्थाच्या मेहुण्याला मिळाला, आणि मेहुण्याला ढगळ झाला म्हणून तो याच्या अंगावर आला होता.

हे मी त्याला पहिल्याच मिनिटाला विचारू शकलो असतो. "आपण फेरीतले का?" एवढे तीनच शब्द. मी ते मनात जुळवलेदेखील. पण समजा तो फेरीतला असला, तर तीन दिवस बरोबर असून तुम्ही मला ओळखत नाही का, असं त्याला वाटणार. नसला, तर हा कोण आगाऊ म्हातारा, असं वाटणार. दोन्हीकडून लाज आपलीच. तेव्हा मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने तो एका घरापुढे उतरला आणि बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अशा वेळी सभ्य माणसाने दुसरीकडे बघावं. मी दुसरीकडे बघितलं. पुढच्या घरी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. बिचाऱ्याला मधुमेह असावा, अशी माझी खात्री झाली. अशा प्रकृतीत इतकी मोठी फेरी करायची म्हणजे काय हिंमत! आपण पायांत गोळे आले म्हणून कुरकुर करतो याची मला लाज वाटली.

मग लक्षात आलं, की प्रत्येक भिंतीपासून परतताना तो हातातल्या यंत्रावर काहीतरी टिपतोय. एका घरातल्या आजोबांशी तो दोन शब्द बोललाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा देणग्या गोळा करतोय! आम्ही सगळे नुसती सायकल चालवून स्वतःचे फोटो काढून घेत होतो, आणि हा एकटा घरोघर जाऊन पुस्तकांच्या गाडीसाठी वर्गणी मागत होता. मला जे चार जन्मांत जमलं नसतं ते हा सहज करत होता. माझ्या मनात त्याच्याबद्दल इतका आदर दाटून आला, की तो मागे वळला तेव्हा मी हात उंचावून त्याला शाबासकी दिली.

तो दचकला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या लाल जाकिटाकडे पाहिलं, मागच्या टेम्पोकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

त्याच्या बाजूने विचार करा. गेले आठ दिवस त्यांच्या कचेरीत बोलवा होती, की मुख्य कार्यालयातून तपासणीसाठी कोणीतरी मोठे साहेब येणार आहेत. कोण, कधी, कसे, ते सांगणार नाहीत. आणि आज हा पांढऱ्या केसांचा, चष्मेवाला, एक अक्षर न बोलणारा माणूस लाल जाकीट घालून, पाठीशी टेम्पो घेऊन, प्रत्येक घरापाशी थांबतोय. मीटरकडे बघायची वेळ आली की मुद्दाम दुसरीकडे बघतोय. वर हात उंचावून खूण करतोय. त्याच्या तोंडचं पाणी पळालं असेल तर नवल काय?

पुढे एक फाटा लागला. डांबरी रस्ता सरळ जात होता, आणि डावीकडे टेकडीवर चढणारी खडबडीत वाट. तो फाट्यावर थांबला. सरळ रस्त्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी हसून मान डोलावली. मला म्हणायचं होतं, घ्या विश्रांती, घाई नाही. त्याने सुस्कारा सोडला आणि सायकल टेकडीकडे वळवली.

मागून मामांचा आवाज आला, "ही वाट आहे?"

"ते पुढे जातायत," मी म्हणालो.

"मला काय," मामा म्हणाले, आणि टेम्पो पहिल्या गिअरमध्ये टाकला.

त्या चढाचं वर्णन करायला माझ्यापाशी श्वास नव्हता, आजही नाही. अर्ध्या चढावर आम्ही दोघेही उतरून सायकली ढकलू लागलो. तो थांबला की मी थांबायचो. मी थांबलो की तो आणखी घाबरून पुढे निघायचा, आणि तो निघाला की मला निघणं भाग. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. वाटेत एक घर शेताच्या पलीकडे होतं, एक ओढ्याच्या पलीकडे, आणि एक तर असं, की त्याचा मालकसुद्धा तिथे रोज जात नसावा. तो गडी प्रत्येक घरी गेला. मी प्रत्येक घरी गेलो. मामा जिथवर चाकं पोचतील तिथवर आले.

तेवढ्यात फोन वाजला. ही.

"अहो, कुठे चाललाय तुमचा ठिपका? तो शेतात शिरलाय!"

"आम्ही चढावर आहोत."

"आम्ही कोण? बाकीची फेरी टेकडीच्या त्या अंगाने केव्हाच पुढे गेली. नर्सबाईंचा भाचा आहे ना फेरीत, त्याने जेवणाचे फोटोसुद्धा पाठवले!"

मागून वकीलसाहेबांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, कशावरही सही करू नका."

"पण माझ्या पुढे अजून एक जण आहे," मी हळूच म्हणालो. "त्यांना सोडून मला पुढे जाता येत नाही. फार मोठा माणूस आहे. घरोघर देणग्या मागतोय."

"रानात?"

मी रेंज गेल्यासारखं केलं.

टेकडीच्या माथ्यावर एकच घर होतं. अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होत्या. पिवळा शर्ट भिंतीकडे वळला तशा त्या हातातला टॉवेल तसाच घेऊन पुढे आल्या.

"अगंबाई! मीटर बघायला माणूस आला? खरंच आला? मी लग्न होऊन इथे आले, मला सून आली, पण या भिंतीपाशी कधी माणूस उभा राहिलेला बघितला नाही! मग आजवर बिल कोणाच्या मनाने येत होतं?"

तो गृहस्थ घाम पुसत म्हणाला, "मावशी, अंदाजाने... म्हणजे सरासरीने..."

"सरासरी? गेल्या साली आम्ही सगळे दोन महिने मुलीकडे होतो. घराला कुलूप. तरी बिल आलंच! कुलूप काय दिवा लावून बसलं होतं?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हे मोठे साहेब वाटतं? बरं झालं तुम्हीच आलात. सांगा यांना दोन शब्द."

माझ्या पायाखालची टेकडी सरकली. मीटर! भिंती, यंत्र, टिपणं, सगळं एका क्षणात लख्ख झालं. सकाळपासून मी मीटरवाल्याच्या मागे फिरत होतो! आणि ती बाई माझ्याकडे न्याय मागत होती, तो माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायचं होतं. पण बाहेर पडलं ते वाक्य मी जन्मभर पुस्तकाची वाट बघणाऱ्या वाचकांना ऐकवलं होतं:

"आम्ही बघतो. तुमचा नंबर लावलाय."

बाई खूश झाल्या. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. गृहस्थाने ती स्वतःच्या रुमालाने पुसली.

"साहेब, बसा. साहेब, माझी एकच विनंती आहे. वर्षं दोनच राहिलीत नोकरीची. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक मीटर स्वतः बघीन, साहेब. ओढ्यापलीकडचासुद्धा."

मी खुर्चीत बसलो. हा घोटाळा आता कसा निस्तरायचा? मी साहेब नाही म्हणून सांगितलं तर मग सकाळपासून माझ्या मागे का लागलात, असं तो विचारणार. फोन पुन्हा वाजला.

"अहो, ठिपका टेकडीच्या टोकावर बसलाय. काय चाललंय?"

मी तोंडावर हात धरून कुजबुजत सगळं सांगितलं. मग ही म्हणाली, "त्याला फोन द्या."

"अगं पण..."

"द्या म्हणते ना!"

मी फोन पुढे केला. "आमच्या मिसेसना तुमच्याशी बोलायचंय."

साहेबांच्या मॅडम! तो बिचारा उठून उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि फोन दोन्ही हातांनी धरला. "नमस्कार मॅडम... हो मॅडम... मीटरवाला, मॅडम... नाही, सायकलफेरी नाही मॅडम... शर्ट? मेहुण्याचा, मॅडम... ग्रंथालयात? ... कोण, हे? ... बरं. बरं. हो, सांगतो."

मला सकाळपासून जे जमलं नाही, ते हिने भाजी चिरता चिरता आटोपलं.

त्याने फोन मला परत दिला आणि अंगणातच फतकल मारली.

"म्हणजे," तो म्हणाला, "ही टेकडी मी उगाच चढलो?"

"मीसुद्धा," मी म्हणालो.

त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतोय. मी खिशात रुमाल शोधू लागलो. पण तो हसत होता, आणि असा हसत होता, की मावशींच्या हातून दोरीवरचा सदरा पडला. मग मीही हसलो. माझं हसणं सहसा बाहेर ऐकू येत नाही. त्या दिवशी ते पलीकडच्या उतारापर्यंत गेलं असावं.

"आणि तुम्हाला मोठ्ठा निरोप आहे मॅडमचा," डोळे पुसत तो म्हणाला. "फाटक बंद व्हायच्या आत पोचा, नाहीतर उद्या टेम्पोत बसावं लागेल."

सूर्य चांगलाच कलला होता. हसू माझ्या ओठांवरच थांबलं. आल्या वाटेने उतरून फेरीच्या रस्त्याला लागायचं म्हटलं तर अंधार पडला असता. मावशींनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. "ती पायवाट बघा. आमची पोरं शाळेला जातात तिने. थेट शाळेच्या पाठीशी निघते. तुमचा सायकलवाल्यांचा मुक्काम शाळेतच ना? पोरं सांगत होती."

"मीही येतो," मीटरवाले म्हणाले. "एवढं वर आलोय, आता उतार तरी पदरात पाडून घेतो."

मामांची मात्र पंचाईत झाली. पायवाटेवरून टेम्पो जाणार नव्हता.

"मग मी कोणाच्या मागे जाऊ?" त्यांनी मला विचारलं. इतक्या हताश आवाजात मोठा माणूस बोललेला मी ऐकला नव्हता. मी त्यांना रस्त्याने फिरून यायला सांगितलं. ते गेले, पण आरशात माझं जाकीट दिसेनासं होईपर्यंत मागे बघत गेले.

आणि मग तो उतार!

मी आजवर जे काही जोरात गेलो आहे ते आगगाडीत बसून. सायकलवर माझे दोन्ही हात कायम ब्रेकवर असतात, चढावरसुद्धा. पण त्या पायवाटेवर पहिल्याच वळणाला एक ब्रेक किंचाळला आणि गप्प झाला, आणि दुसऱ्यावर विसंबण्यापेक्षा विसरून जाणं बरं असं मला वाटलं. गवत दोन्ही बाजूंनी पाठीमागे पळू लागलं. चष्म्याच्या काचांमागे वारा शिरला. दगड, खड्डा, दगड, एक घाबरलेली कोंबडी, पुन्हा खड्डा. पुढे मीटरवाल्यांचा पिवळा शर्ट फुग्यासारखा फुगला होता आणि ते ओरडत होते, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" बाजूला व्हायला तिथे कोणीही नव्हतं. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बहुधा शब्द नव्हतेच. मला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी शाळा सुटल्यासारखा आनंद होता. एका वळणावर माझी सायकल मीटरवाल्यांच्या पुढे निघून गेली. शेपूट पुढे! नियम मोडला! पण ते फेरीतले नव्हते, म्हणून चाललं.

आम्ही शाळेच्या कुंपणाला वळसा घालून थेट फाटकासमोर आलो. आत सगळे पिवळे शर्ट जमले होते. शाळेचं बँड पथक केव्हापासून ताटकळत उभं होतं. मी दिसताच त्यांनी जोरात सुरुवात केली. फाटकाला हात लावून शिट्टीसर उभे होते. वर टेकडीच्या कडेवर सूर्य टेकलेला. पोचलो होतो! उद्या मी सायकलवरच जाणार होतो!

"या, या! शेपूट आलं!" शिट्टीसर ओरडले. "म्हणजे दंतवैद्य जोडपंही आलंच असणार. आत या, फाटक लावतो."

मी दोन्ही पाय जमिनीला घासत सायकल थांबवली. पुढचं चाक फाटकाच्या रेषेशी आलं होतं.

दंतवैद्य नवरा-बायको. दिवसभर भांडणारं ते जोडपं. सकाळी चहाच्या दुकानापाशी मी चोराच्या मागे लागलो असताना दुकानामागून आवाज येत होता, "पंप घेतला होतास की नाही?" "पंप तुमच्याकडे होता!" तो आवाज मला ऐकू आला होता. मी तो ऐकून सोडून दिला होता. म्हणजे खरे शेवटचे ते होते, आणि ते अजून माझ्या मागे कुठेतरी रस्त्यावर होते.

"ते आले नाहीत," मी म्हणालो.

"शेपूट आलं म्हणजे सगळे आले! नियमच आहे."

"शेपूट आलेलं नाही," मी म्हणालो. "मी बाहेर आहे."

बँड थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या गोष्टीला मी जन्मभर घाबरलो ती समोर उभी होती, आणि तीही पिवळ्या शर्टात, रांगेने. मी टाच जमिनीत रोवली.

"सूर्य बुडतोय," शिट्टीसर म्हणाले. "बुडाला की बाहेरचे सगळे उद्या टेम्पोत. तुम्हीसुद्धा. पुस्तकांची गाडी सोडा, तुम्हाला टेम्पोच्या खिडकीतून बाहेरही दिसणार नाही. शेवटचं सांगतो, आत या."

"नाही," मी म्हणालो.

हा शब्द मी सभेत, घरात, दुकानात, न्हाव्याकडे, कुठेच कधी मोठ्याने वापरला नव्हता. त्यामुळे तो कोरा करकरीत होता आणि चांगला वाजला. शिट्टीसरांनी शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजवायचं विसरले.

मीटरवाले माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मीपण बाहेर," ते म्हणाले. आपला या प्रकरणाशी काय संबंध, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सूर्य टेकडीमागे गेला. फाटकावर सावली पडली.

"बुडाला!" शिट्टीसर म्हणाले आणि फाटक ओढू लागले.

"बुडाला नाही. टेकडीमागे गेलाय," मी म्हणालो. "मी आत्ताच वरून आलोय. पलीकडे अजून बराच दिवस शिल्लक आहे."

"तुम्ही टेकडीवर काय करत होता?"

"मीटर बघत होतो."

शिट्टीसर पुन्हा फाटक ओढू लागले, तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्नचा आवाज आला. वळणावरून दंतवैद्यबाई आल्या, लाल ओढणी वाऱ्यावर उडवत. त्यांच्या मागे त्यांचा नवरा, आणि दोघांच्या मागे, चेहऱ्यावर परम समाधान घेऊन, आमचे मामा.

"लाल दिसलं," मामा नंतर म्हणाले. "मागे लागलो."

"अहो, पंप तुमच्याच पिशवीत होता!" फाटकातून आत शिरताना बाई म्हणत होत्या.

"मग तू पिशवी नीट बघितली का नाहीस?" नवरा म्हणाला, आणि तोही आत गेला. मग मीटरवाले गेले. सगळ्यांच्या मागून मी गेलो. बँडवाल्यांनी जे वाजवलं ते माझ्यासाठी होतं की सुट्टी झाली म्हणून, ते सांगता येणार नाही. सूर्य टेकडीमागे नेमका कुठे होता यावर चहा घेताना बरीच चर्चा झाली. शिट्टीसरांनी त्यात भाग घेतला नाही. ते शर्ट मोजत होते. दर वेळी एक शर्ट जास्त भरत होता. शेवटी मीटरवाल्यांनी तो काढून दाखवला तेव्हा त्यांना जेवू घालून घरी पाठवण्यात आलं.

जेवणानंतर शिट्टीसर माझ्या चटईपाशी आले. मी उठून बसलो. आता हे जाकीट काढून घेणार, आणि उद्या टेम्पो, अशी मनाची तयारी केली.

"उद्या तुम्ही मागे राहायचं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला मागे ठेवणं धोक्याचं आहे. उद्या तुम्ही सगळ्यांच्या पुढे. अगदी पहिले. म्हणजे निदान मला डोळ्यांसमोर दिसाल." ते चार पावलं गेले आणि थांबले. पाठ माझ्याकडेच होती. "आणि गाडीची कल्पना तुमची होती. तेव्हा पुढे तुम्हीच."

मी शाळेच्या व्हरांड्यात जाऊन हिला फोन लावला.

"उद्या मी पुढे," मी म्हणालो. "सगळ्यांच्या पुढे."

"पुढे?" ती म्हणाली. "अहो, पण मग तुमच्या पुढे कोणीच नसणार. रस्ता ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"विचारीन," मी म्हणालो.

पलीकडे तिने कोणाला तरी हाक मारली, खुर्च्या सरकल्या, वकीलसाहेब खोकले, नर्सबाई "काय झालं, काय झालं" करत जवळ आल्या.

"हं," ही म्हणाली. "स्पीकर लावलाय. आता पुन्हा म्हणा."

मी घसा साफ केला, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो,

"विचारीन!"